कुठवरचे लॉग मिटवायचे

डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरत आली की पहिली नजर जाते आर्काइव्ह लॉगच्या फोल्डरवर. तिथे एकसारख्या आकाराच्या हजारो फाइली पडलेल्या असतात आणि त्या कोणी कधी उघडलेल्याही नसतात. मग सात दिवसांपेक्षा जुने लॉग उडवणारी एक ओळ क्रॉनमध्ये टाकली जाते. ही पद्धत घातक आहे. कुठवरचे लॉग मिटवायचे ते बॅकअपवरून ठरायला हवं, तारखेवरून नव्हे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो. बॅकअप रिस्टोअर करून त्यापुढचे लॉग क्रमाने चढवले की हव्या त्या क्षणापर्यंत येता येतं. मधली एक फाइल हरवली तर पुढच्या सगळ्या वाया जातात. समजा, बॅकअप दर रविवारी होतो. एका रविवारी तो फसला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. क्रॉन मात्र थांबत नाही. मंगळवारपर्यंत आधीच्या रविवारचे लॉग गेलेले असतात. चालू डेटाबेसचा बॅकअप सुसंगत व्हायला नेमके तेच लॉग लागतात. म्हणजे डिस्कवर सात दिवसांचे लॉग आहेत, पण ते चढवायला खाली काहीच नाही. पीजीबॅकरेस्ट, बारमॅन ही साधनं टिकवलेल्या सर्वांत जुन्या बॅकअपच्या मागचेच लॉग काढतात. बॅकअप फसत राहिले तर लॉग साचतात आणि डिस्क भरू लागते. अशा वेळी आधी बॅकअप तपासावा.

डिस्क स्वस्त आहे, सगळंच ठेवा, असं काही जण म्हणतात. पण बॅकअप जितका जुना तितके जास्त लॉग चढवावे लागतात आणि तितका वेळ सेवा बंद राहते. त्यापेक्षा लॉग कमी कसे निघतील ते पाहावं. आर्काइव्ह टाइमआउट एक मिनिट ठेवला आणि थोडीफार नोंद सतत होत असली, तर १६ एमबीच्या १,४४० फाइली, म्हणजे दिवसाला साडेबावीस जीबी! फाइल अर्धी रिकामी असली तरी आकार तोच, म्हणून त्या कॉम्प्रेस करूनच साठवाव्यात. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला की ८ केबीचं अख्खं पान लॉगमध्ये जातं. चेकपॉइंटमधलं अंतर वाढवलं की हा भार उतरतो, मात्र क्रॅशनंतर सावरायला जास्त वेळ लागतो.

रात्री दोन वाजता डिस्क शंभर टक्के भरली असताना हा विचार कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. आर्काइव्हची जागा संपली की कॉपी फसते, पोस्टग्रेस मूळ फाइल सोडत नाही, आणि तीही डिस्क भरली की सर्व्हर बंद पडतो. तरीही कमिट झालेले व्यवहार सुरक्षित असतात; जागा करून दिली की सर्व्हर पुन्हा उठतो. चालू लॉग हाताने मिटवले तर मात्र डेटा कायमचा जातो. नावातल्या ‘लॉग’ला फसून हे इतक्यांदा घडलं की २०१७ साली आवृत्ती १० मध्ये पीजी_एक्सलॉग या फोल्डरचं नाव बदलून पीजी_वॉल करावं लागलं. त्या रात्रीची सोय आधीच करावी: लॉगसाठी वेगळी डिस्क, आणि तिच्यावर गरज पडताच उडवता येईल अशी काही जीबींची कोरी फाइल. बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉटही लॉग अडवून धरतो. आवृत्ती १३ पासून त्याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते. घातली तर रेप्लिका कधी तरी नव्याने उभी करावी लागेल. मुख्य सर्व्हर बंद पडण्यापेक्षा ते परवडलं.