दावणीला दोन शेळ्या, दारात दहा कोंबड्या



ऊस हे आपले राजा पीक. त्याची लागण, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा यावर या पत्रिकेत नेहमीच लिहून येते. आज मात्र जिचा कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात उल्लेख नाही, अशा एका गोष्टीबद्दल लिहावयाचे आहे.

आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टमध्ये लावतो. तो तुटतो सोळा ते अठरा महिन्यांनी. तोपर्यंत शेतात पैसा घालायचाच, काढायचा काही नाही. बिल आले की सोसायटीचे कर्ज आधी वळते होते आणि उरलेल्यात पुढची लागण उभी राहते. पण घरातले मीठ-मिरची, पोराची वही, म्हातारीचे औषध आणि आल्या-गेल्या पाहुण्याचा चहा अठरा महिने थांबत नाही. हा खर्च कोण भागवतो? नीट आठवून पाहा. आठवडी बाजारात गेलेली अंडी, शेळीचे लिटरभर दूध आणि जत्रेच्या तोंडावर विकलेला बोकड यांनीच तो भागवलेला असतो. आणि हे सारे बहुतेक घरी मालकिणीच्या हातात असते. शेअर नवऱ्याच्या नावावर, सातबारा नवऱ्याच्या नावावर, ऊसबिल नवऱ्याच्या खात्यावर. शेळीचा पैसा तेवढा तिच्या डब्यात. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, या धंद्यात पडण्यापूर्वी घरात विचारा. मी विचारले नाही, त्याची हकीगत आता सांगतो.

माझी चूक

सन २०१७ चा आषाढ. आमच्या घरी तेव्हा चार शेळ्या आणि त्यांची सहा करडे होती. सगळी सौ.च्या हाताखालची. मला वाटले, चारा आहे, जागा आहे, मग चारच का? बाजारात गेलो, स्वस्तात मिळाल्या म्हणून पाच शेळ्या टेंपोत घातल्या आणि संध्याकाळी त्याच दावणीला आणून बांधल्या. दोघींच्या नाकातून शेंबूड येत होता. पावसात भिजल्या असतील, असे म्हणून मी सोडून दिले. आठव्या दिवशी घरच्या करडांना ताप भरला, डोळे चिकटले, तोंडात फोड आले आणि पाठोपाठ हगवण लागली. डॉक्टर आले, सलाईन लावले. सहापैकी पाच करडे गेली, एक व्याती शेळी गेली, नव्या आणलेल्यांतल्या दोन गेल्या.

सौ. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, माझ्या दावणीला आजवर कदी मर लागली न्हवती. बाजारातनं आणलेलं चार दिस तरी येगळं बांधायचं हुतं." त्या करडांच्या पैशातून थोरलीची कॉलेजची फी भरायची ठरलेली होती, हे मला नंतर कळले. फी मग पतसंस्थेतून उचलून भरली.

तो रोग म्हणजे पीपीआर. लोक त्याला शेळ्यांचा प्लेग म्हणतात. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९८७ साली तमिळनाडूत झाली आणि पुढे तो सगळीकडे पसरला. रोग विषाणूचा असल्यामुळे त्यावर नेमके औषध नाही. जी काही धडपड डॉक्टर करतात ती हगवण आणि न्यूमोनिया आवरण्यासाठी. मात्र याची लस आहे आणि ती चांगली आहे. चार महिन्यांच्या वरच्या करडाला एकदा टोचली की किमान तीन वर्षे बाधा होत नाही. आपण उसाला तीन वर्षांत किती वेळा औषध मारतो ते मोजा, म्हणजे ही लस किती स्वस्त पडते ते ध्यानात येईल.

नवीन आणलेले जनावर तीन आठवडे वेगळ्या गोठ्यात, वेगळ्या बादलीने पाणी पाजून सांभाळावे. घरच्या शेळ्यांचे आधी करावे, नव्यांचे मागाहून. आणि आषाढात बाजारातून आणूच नये. आणावयाची तर दिवाळीनंतर, शक्यतो ओळखीच्या दावणीवरून, आई बघून.

दुसरी लस आंत्रविषाराची. पहिल्या पावसानंतर कोवळे लुसलुशीत गवत येते, शेळी-मेंढी त्यावर तुटून पडते आणि संध्याकाळी चांगली असलेली सकाळी मेलेली आढळते. लोक म्हणतात पान लागले. दरवेळी ते पान नसते. मे महिन्यात ही लस टोचून घ्यावी आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी पुन्हा. जंताचे औषध पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, डॉक्टरांना विचारून, वजनाच्या मापाने द्यावे.

कोणती शेळी, आणि करडू जगवायचे कसे

आपल्या भागाला उस्मानाबादी शेळी उत्तम. (जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे नाव जुनेच राहिले आहे.) रंगाने बहुधा काळी, कोरड्या हवेला काटक, आणि जुळी देण्याकडे कल. नगरकडच्या सभासदांना संगमनेरी जवळची. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते. हिशेब कागदावर फार गोड दिसतो. पण व्यालेली करडे आणि विकलेली करडे या दोन आकड्यांत जे अंतर पडते तेच आपले नुकसान, आणि ते बहुतेक पहिल्या महिन्यातच पडते.

आपल्याकडे एक समज आहे की, वार पडल्याशिवाय करडाला पाजायचे नाही. हा समज घातक आहे. करडू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते, ती आईच्या चिकातून येते आणि जसजसे तास जातात तसतशी ती घ्यायची त्याच्या आतड्याची क्षमता कमी होते. तेव्हा तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे दोन किलोच्या करडाला पावशेरभर, चार-पाच वेळा विभागून. करडू प्यायला लागले की वारही लवकर पडते. नाळ दोऱ्याने बांधून दोन बोटे खाली कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. जुळ्यांपैकी दुबळ्याला आधी लावावे, दांडगा आपले बघून घेतो. खाली कोरडे पाचट अंथरावे आणि ओले झाले की बदलावे. पाचट जाळू नका म्हणून शेती खाते नेहमी सांगते, त्याला हा एक उपयोग.

चारा घरचाच, पण डोळे उघडे ठेवून

गळीत हंगामात वाढ्यांना तोटा नाही. वाढे हा तोडणी मजुरांचा हक्क. त्यांच्याकडून पेंढ्या घ्याव्या आणि घासाघीस फार करू नये. पण नुसत्या वाढ्यावर शेळी ठेवू नये. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते अंगातल्या कॅल्शियमला धरून ठेवते, मग दूध आटते, हाडे कमजोर होतात, करडे पायात अधू निघतात. उपाय साधा आहे. वाढ्यांची कुट्टी करावी, तीवर चुन्याची निवळी शिंपडावी, रोज खनिज मिश्रण द्यावे आणि निम्मा चारा तरी दुसरा असावा.

तो दुसरा चारा बांधावर येतो. शेवरी आणि हादगा आपल्या पानमळेवाल्यांना नव्याने सांगायला नको. उसाच्या कडेने पाटाच्या अंगाला शेवरी लावली की वर्षभर पाला मिळतो, वारा अडतो. सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. जास्त झाली की केस गळतात. शेळीची लेंडी खड्ड्यात कुजवून लागणीच्या सरीत टाकावी, हे सांगायला मी कशाला हवा!

आता उसाच्या रानातले धोके. पुस्तकात हे एका जागी सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ठिबकमधून युरिया सोडण्यासाठी आपण पिंपात विरघळवून ठेवतो. तहानलेली शेळी त्यात तोंड घालते. थोडक्या वेळात पोट फुगते, थरथर सुटते, तोंडाला फेस येतो, आणि डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. पिंपाला झाकण हवेच. रिकामे पोते झटकून गोठ्यात अंथरू नये, शेळी ते चाटते. तणनाशक मारलेल्या सरीतले तण खुरपून घरी आणू नये, मग ते कितीही हिरवे दिसो. ज्वारीचे कोवळे धाट, विशेषतः पाण्याचा ताण पडलेले, किराळ लावते. आणि दाणेदार औषध! हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे फोरेट टाकत आलो. त्याचा वापर २०२० च्या अखेरीस बंद झाला, पण इतर दाणेदार औषधे आहेतच. कोंबडीला तो दाणाच वाटतो. औषध टाकले त्या दिवशी मातीआड करावे आणि कोंबड्या दोन-चार दिवस कोंडून ठेवाव्या.

मेंढी आणि डुक्कर

मेंढी ही फिरस्तीची. दावणीला बांधून तिचे चीज होत नाही, आणि सलग ऊस असलेल्या गावात तिला फिरायला रान नाही. फार तर दोन नर कोकरे आणून चार-पाच महिने पोसावीत. त्यांना कोंबडीचे किंवा गाईचे खाद्य मात्र देऊ नये. त्यातले तांबे मेंढीला सोसत नाही. मोठा कळप करणाऱ्यांनी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम पाहावे. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ नावाची लहानखुरी मेंढी जुळी देते. तिचा तो गुण दख्खनी मेंढीत उतरवून त्यांनी नारी सुवर्णा तयार केली. खोडवा मोडून रान रिकामे झाले की धनगराचा वाडा बसवून घ्यावा, हे त्याहून सोपे.

वराहपालन आपल्या गावात कोणी फारसे करत नाही. डुकरीण ११४ दिवसांत विते आणि एका वेळी आठ-दहा पिले देते, हे खरे. पण जवळ गिऱ्हाईक नसेल तर तिचा खुराक परवडत नाही. शेजाऱ्यांचेही बघावे लागते.

कोंबड्या

दहा कोंबड्या, एक कोंबडा. यापेक्षा जास्त झाल्या की त्या उकिरड्यावर आणि सांडलेल्या दाण्यावर भागत नाहीत, विकतचे खाद्य लागते, आणि मग तो वेगळा धंदा होतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. तेव्हा अंडी त्यांची आणि ऊब गावठीची, ही जोडी बरी. दहा-बारा अंडी खाली ठेवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले. पहिला महिना डालग्याखाली, नाहीतर घार आणि मुंगूस वाटेकरी होतात.

मोठ्या योजनांबद्दल एकच सांगतो. आधी इमू आले. मग २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ बुडाला. पिल्ले आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेतो, असे सांगितले गेले होते. पक्षी वाईट नव्हता. गिऱ्हाईक एकच होते, आणि तेच विकणारे होते.

कोंबडीचा खरा वैरी मानमोडी. १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँमधल्या राणीखेत येथे ती आढळली म्हणून तिला राणीखेत रोग म्हणतात. हिरवट हगवण, मान वाकडी, आणि आठवड्यात खुराडे रिकामे. मेलेली कोंबडी पाटात टाकायची आपली रीत आहे. तिने रोग खालच्या सगळ्या वस्त्यांवर जातो. खोल पुरावी, वर चुना टाकावा.

लस दवाखान्यात असते. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीची टोचणी. मग घरोघर का होत नाही? अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? कारखाना उभारताना आपण शेअर गोळा केले. इथे कोंबड्या गोळा करायच्या, एवढाच फरक.

आमच्या आळीत सौ.ने हे सुरू केले. एका वहीत घरवार कोंबड्या लिहिल्या: नऊ घरे, एकशे चौदा कोंबड्या. दिवस उन्हाळ्याच्या आधीचा ठरवला, कारण मानमोडीचा जोर उन्हाळ्यात. सायंकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर एकीने धरायची, दुसरीने कंदील दाखवायचा. वीज असली तरी कंदीलच, उजेडाने त्या बिथरत नाहीत. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक मोटरसायकलवर थर्मास बांधून आले. सव्वा तासात काम उरकले, आणि उरलेली कुपी ओतून न देता पलीकडच्या वस्तीवर पाठवली. यंदा त्या वस्तीनेही वही केली आहे. ज्या गावांना अशी वही करावयाची असेल त्यांनी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठ दिवस आधी कळवावे. आणि जनावर अडले तर १९६२ हा क्रमांक फिरवावा.