गिरवणे नाकारणाऱ्या गिटारवादकाविषयी लिहायचे कसे?

जपानी भाषेत ‘नाझोरु’ असे एक क्रियापद आहे. वहीत छापलेल्या पुसट अक्षरांवरून लहान मूल पेन्सिल फिरवते, त्या क्रियेचे ते नाव. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : गिरवणे. याचे नकारार्थी रूप ‘नाझोरानाई’, म्हणजे ‘गिरवत नाही’. केइजी हाइनो हे जपानी प्रयोगशील रॉक गिटारवादक आपल्या संगीताविषयी बोलताना हा शब्द वारंवार वापरत आले आहेत. ऑस्ट्रेलियाचे ओरेन अंबार्ची आणि अमेरिकेचे स्टीफन ओमॅली यांच्यासह त्यांनी जे त्रिकूट उभे केले, त्याचे नावच ‘नाझोरानाई’. त्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका २०१२ साली निघाली.

संगीतविषयक नियतकालिकांचा व्यवसाय मात्र गिरवण्यावर चालतो. नवा वादक आला की हा अमुक परंपरेतला, याच्यावर तमुकाचा प्रभाव, याची ध्वनिमुद्रिका अमक्यासारखी, असे सांगितल्याखेरीज वाचकाला दिशा मिळत नाही. ज्याने तुलनेलाच नकार दिला आहे, त्याच्याविषयी मग लिहायचे काय? जपानी संगीत-मासिकांनी या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली आणि तिची हकिगत हाइनो यांच्या संगीताइतकीच उद्बोधक आहे.

हाइनो यांचा जन्म १९५२ सालचा, चिबा प्रांतातला. तरुणपणी त्यांना रंगभूमीचे वेड होते. फ्रेंच नाट्यचिंतक आंतोनँ आर्तो हे त्यांचे दैवत. पुढे अमेरिकेच्या ‘द डोअर्स’ या वाद्यवृंदाचे एक दीर्घ गीत कानी पडले आणि त्यांनी नाटक सोडून संगीत धरले. १९७० साली त्यांनी ‘लॉस्ट आराफ’ नावाचा गट काढला. हे नाव एडगर ॲलन पो यांच्या एका कवितेवरून सुचलेले. या गटात ते गिटार वाजवत नव्हते, गात होते. आणि ‘गात होते’ हा शब्दही सौम्य ठरावा असा तो आक्रोश होता. ऑगस्ट १९७१ मध्ये नारिता विमानतळाच्या विरोधात शेतकरी आणि विद्यार्थ्यांचा लढा पेटलेला असताना सानरिझुका येथे एक संगीतमेळा भरला. तेथे लॉस्ट आराफचे सादरीकरण ऐकून श्रोत्यांनी दगड फेकले. बंडखोरांच्या मेळ्यातही जो बसू शकला नाही, त्याची पुढची वाट खडतर असणार हे उघड होते.

त्याच सुमारास जपानी रॉक मासिकांत वेगळाच वाद रंगला होता. ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ हे मासिक तोयो नाकामुरा यांनी १९६९ साली सुरू केले (१९८० पासून ते ‘म्युझिक मॅगझिन’ झाले). त्याच्या पानांवर १९७० आणि १९७१ या वर्षांत ‘रॉक जपानी भाषेत गावे की इंग्रजीत?’ यावर हिरिरीने चर्चा झाली. युया उचिदा यांच्या पक्षाचे म्हणणे, जगापर्यंत पोचायचे तर इंग्रजीच हवी. ‘हॅपी एंड’ या गटाने जपानी भाषेचा पक्ष घेतला. हा वाद जपानी संगीताच्या इतिहासात नावाजलेला आहे आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण आज पाहता एक गोष्ट ठळक दिसते : दोन्ही बाजूंनी रॉक हा आराखडा गृहीतच धरला होता. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या भाषेत गिरवायचा. शब्दच फेकून देऊन किंचाळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला या वादात बाजू नव्हती.

मोठ्या मासिकांची एकूण नजरही पाश्चात्त्य संगीताकडेच होती. ‘म्युझिक लाइफ’ या मासिकाच्या संपादक रुमिको होशिका यांनी १९६५ साली लंडनला जाऊन बीटल्सची भेट घेतली, ही जपानी संगीतपत्रकारितेतील अभिमानाची घटना मानली जाते. ‘रॉकिंग ऑन’ हे मासिक योइची शिबुया यांनी १९७२ साली काढले, तेव्हा ते हौशी लेखकांच्या लेखणीवर चालत असे. परंतु त्या लेखकांच्या चिंतनाचा विषयही मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकी रॉक हाच होता. पुढे ‘म्युझिक मॅगझिन’मध्ये एकाच ध्वनिमुद्रिकेला अनेक समीक्षकांनी दहापैकी गुण देण्याचे सदर लोकप्रिय झाले. वाचकाच्या सोयीची ती रीत आहे यात शंका नाही. पण जे संगीत कोणत्याही मापात बसू नये म्हणूनच निर्माण झाले, त्याला दहापैकी किती द्यायचे?

उत्तर खालच्या मजल्यावरून आले. जपानी भाषेत ‘मासुकोमी’ म्हणजे जनमाध्यमे. त्याच्या धर्तीवर १९६० च्या दशकात ‘मिनिकोमी’ हा शब्द रूढ झाला. स्वतःच्या खर्चाने काढलेले, थोड्या प्रतींचे, ओळखीच्या दुकानांतून विकले जाणारे अंक म्हणजे मिनिकोमी. आपल्याकडच्या अनियतकालिकांची आठवण व्हावी असेच ते रूप. याच वातावरणातून ओसाकात युझुरु आगी यांचे ‘रॉक मॅगझिन’ १९७६ साली आणि टोकियोत मासाशी कितामुरा यांचे ‘फूल्स मेट’ १९७७ साली निघाले. फूल्स मेट हे नाव इंग्लंडचे गायक पीटर हॅमिल यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतलेले. युरोपातील आडवाटेचे रॉक, इलेक्ट्रॉनिक संगीत, केवळ गोंगाटातून रचलेले संगीत, असे सारे या अंकांत येऊ लागले.

या संपादकांचे वैशिष्ट्य असे, की ते नुसते लिहून थांबले नाहीत. आगी यांनी १९७८ साली ‘व्हॅनिटी रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. कितामुरा यांनी ‘ट्रान्स रेकॉर्ड्स’ काढली आणि ते स्वतः वाद्यवृंदही चालवू लागले. हाइनो यांच्या बाबतीतही हेच घडले. टोकियोच्या किचिजोजी भागात ताकाफुमी सातो यांचे ‘मायनर’ नावाचे जॅझ-कॉफीगृह होते. जपानमध्ये अशा कॉफीगृहांत लोक गप्पांसाठी जात नाहीत, उत्तम ध्वनियंत्रणेवर मुकाट्याने संगीत ऐकायला जातात. मायनर हळूहळू प्रयोगशील वादकांचा अड्डा बनले. ते बंद झाल्यावर सातो यांनी ‘पिनाकोथेका’ या संस्थेतर्फे १९८१ साली हाइनो यांची पहिली एकल ध्वनिमुद्रिका काढली : ‘वाताशी दाके?’, म्हणजे ‘फक्त मीच?’. केवळ गिटार आणि आवाज. मुखपृष्ठावर अंधारातून जेमतेम उमटणारी आकृती. १९७८ साली स्थापन केलेल्या ‘फुशित्सुशा’ या त्यांच्या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका यायला मात्र १९८९ उजाडले.

ती प्रसिद्ध करणारी संस्था होती पीएसएफ. हिदेओ इकेएझुमी हे टोकियोच्या मेइदाइमाए भागात ‘मॉडर्न म्युझिक’ हे ध्वनिमुद्रिकांचे छोटेसे दुकान चालवीत. १९८४ साली त्यांनी पीएसएफ ही संस्था सुरू केली आणि १९९० च्या दशकात ‘जी-मॉडर्न’ हे नियतकालिकही काढले. दुकान, प्रकाशन आणि मासिक एकाच माणसाच्या हाती. गिऱ्हाइकाने विचारावे, ‘हे काय आहे?’ आणि दुकानदाराने उत्तरादाखल अंक पुढे करावा, असा हा व्यवहार होता.

येथे आक्षेप निघतो आणि तो क्षुल्लक नाही. जो माल विकतो तोच त्या मालाचा परीक्षक असेल, तर परीक्षणावर विश्वास कसा ठेवायचा? वृत्तपत्रात काम करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न अस्वस्थ करील. माझे मत असे, की अशा नियतकालिकाकडून निवाड्याची अपेक्षा करूच नये. त्याने तसा आवही आणू नये. परंतु त्या काळी दुसरा पर्याय तटस्थ समीक्षेचा नव्हता, मौनाचा होता. तटस्थ राहू शकणाऱ्या मोठ्या मासिकांना या संगीतासाठी जागा क्वचितच होती. ज्यांना जागा होती त्यांनी तारखा, कार्यक्रमांची ठिकाणे, साथीदारांची नावे, बदलत गेलेले गट यांची नोंद ठेवली. आज हाइनो यांच्या कारकिर्दीविषयी जे खात्रीने सांगता येते, त्यामागे या पक्षपाती माणसांची मेहनत आहे.

आता लेखनपद्धतीकडे वळू. जपानी नियतकालिकांत मुलाखतीला फार मोठे स्थान आहे. ‘ताइदान’ म्हणजे दोघांचा संवाद आणि ‘झादानकाई’ म्हणजे अनेकांची बैठक, हे तेथील प्रस्थापित साहित्यप्रकारच आहेत. झादानकाई रूढ करण्याचे श्रेय १९२० च्या दशकात ‘बुंगेइशुंजू’ मासिकाचे संस्थापक कान किकुची यांना दिले जाते. ही रीत हाइनो यांना मानवणारी होती. पाश्चात्त्य रॉकपत्रकारितेत लेखक स्वतःच्या शैलीत चित्र रंगवतो आणि वादकाची दोन-चार वाक्ये मध्ये पेरतो. संवाद जसाच्या तसा छापण्याच्या रीतीत वादकाचा शब्द टिकून राहतो. हाइनो नेहमीच्या शब्दांना नवे अर्थ देत बोलतात. ‘मा’ हा त्यांचा असाच लाडका शब्द. दोन सुरांमधली, दोन घटनांमधली, दोन वस्तूंमधली मोकळी जागा म्हणजे मा. त्यांच्या गिटारीचा कानठळ्या बसवणारा कल्लोळ ऐकून हा माणूस रिकाम्या जागेचा उपासक असेल असे वाटत नाही. पण अर्धा-पाऊण तास कान देऊन ऐकले, की तो कल्लोळ अचानक तुटतो तेव्हाच्या शांततेकडे लक्ष जाते. लांबलचक मुलाखतीने वाचकाला अशा ऐकण्यासाठी तयार केले, हे तिचे खरे काम.

परीक्षणे लिहिणाऱ्यांना आणखी एक साधन भाषेनेच दिले होते. जपानीत अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल आहे. मुसळधार पावसाचा किंवा चित्रवाणीच्या रिकाम्या वाहिनीचा आवाज ‘झाआ’, खोलवरून येणारी गर्जना ‘गोओ’, कानात घुमणारा तीक्ष्ण नाद ‘कीन्’. हे शब्द गद्यात सर्रास वापरता येतात, ते बालिश वाटत नाहीत. विकृत केलेल्या विद्युत गिटारीचे वर्णन करताना इंग्रजी समीक्षक भिंती, वादळे, हिमकडे अशा उपमांचा आश्रय घेतो. जपानी समीक्षकाला एखादा ध्वनीच कागदावर उतरवता येतो. आपल्यालाही हे सहज समजावे. घरघर, करकर, खणखण, चर्र यांची श्रीमंती मराठीजवळ आहे, फक्त संगीतावर लिहिताना आपण तिला बाहेर ठेवतो.

या कौतुकाची दुसरी बाजूही आहे. लांब केस, काळा चष्मा, नखशिखांत काळे कपडे, मद्य आणि धूम्रपान वर्ज्य, काळ्या वेष्टनांवर काळसर अक्षरे : हाइनो यांची ही प्रतिमा प्रत्येक लेखात पुन्हा पुन्हा येत राहिली. लंडनच्या ‘द वायर’ मासिकाने आणि अमेरिकेतील छोट्या प्रकाशनांनी १९९० च्या दशकात पीएसएफची दखल घेतली, तेव्हा हीच प्रतिमा भाषांतरित होऊन परदेशी गेली. ॲलन कमिंग्ज यांच्यासारख्या जपानी जाणणाऱ्या लेखकांनी हाइनो यांचे म्हणणे बारकाईने इंग्रजीत आणले. पण त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी केवळ काळा झगा उचलला. गिरवणे नाकारणाऱ्या माणसाला नियतकालिके गिरवू लागली.

वस्तुतः हाइनो यांचा संसार त्या प्रतिमेहून कितीतरी मोठा आहे. अमेरिकेचे अंध ब्लूज-गायक ब्लाइंड लेमन जेफरसन आणि मध्ययुगीन युरोपचे भटके गायक यांना ते आपले पूर्वसूरी मानतात. हर्डी-गर्डी हे चाक फिरवून वाजवायचे जुने युरोपीय तंतुवाद्य ते वाजवतात. ‘आइहियो’ या गटात त्यांनी जुनी जपानी लोकप्रिय गाणी घेतली आणि ती ओळखू येणार नाहीत इतकी बदलून गायली. गाणे तेच, पण गिरवलेले नाही. काळ्या प्रतिमेच्या प्रेमात पडलेल्या लेखांत या गटाला सहसा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे मला खटकते. कारण ‘नाझोरानाई’ म्हणजे काय, ते येथे सर्वांत सोप्या रीतीने ऐकू येते. मूळ चाल श्रोत्याच्या मनात असते आणि गायक तिच्यापासून किती अंतरावर उभा आहे, हे प्रत्येक ओळीला मोजता येते. नव्याने ऐकू पाहणाऱ्याने सुरुवात येथून करावी.

ती नियतकालिके आता बहुतेक उरलेली नाहीत. ‘म्युझिक लाइफ’ १९९८ साली थांबले. जॅझला वाहिलेले ‘स्विंग जर्नल’ २०१० साली बंद पडले. ‘फूल्स मेट’ने मध्यंतरी आडवाट सोडून रंगभूषा केलेल्या लोकप्रिय रॉक गटांचा मार्ग धरला आणि २०१२ साली त्याचा छापील अंक संपला. ‘म्युझिक मॅगझिन’ टिकून राहिले. इकेएझुमी यांचे २०१७ साली निधन झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक एडिशन्स’ने, ज्या संस्थेकडे पीएसएफचा वारसा गेला आहे, ‘वाताशी दाके?’ पुन्हा छापली. ज्यांनी ती तेव्हा प्रथमच विकत घेतली, त्यांच्यातील पुष्कळांचा जन्म मूळ आवृत्तीनंतरचा असावा. आणि जपानी न येणाऱ्यांना तिच्याविषयी जे ठाऊक होते, ते एका छोट्या दुकानातून निघालेल्या शब्दांचे दुसऱ्या-तिसऱ्या हाताने झालेले भाषांतर होते.