नळी हृदयात, निळेपणा पायाच्या बोटांत

३० ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडत होते. नळीचं टोक सरकलं आणि औषध थेट उजव्या हृदयधमनीत गेलं. हृदय थांबलं. सोन्सनी रुग्णाला खोकायला लावलं, तसे ठोके परतले. आजची अँजिओग्राफी जन्मली ती अशी, एका गुंतागुंतीच्या पोटी!

जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची नळी जांघेतून किंवा मनगटातून हृदयापर्यंत जाते, आणि जागा असलेल्या माणसाला धमनीच्या आतून ती सरकताना कळतही नाही. नुसत्या तपासणीत जीव जाण्याचा धोका हजारात एकाहून कमी. पण धमनीचा रोग सहसा हृदयापुरता नसतो. वाटेतली महाधमनीही बऱ्याचदा चरबीच्या थरांनी खडबडीत झालेली असते. नळी तिथे घासली, तर कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटून रक्ताबरोबर खाली वाहतात. मग पावलावरची नाडी उत्तम लागते आणि बोटं मात्र निळी पडतात! स्फटिक मूत्रपिंडात अडकले, तर बिघाड कळायला कधी कधी आठवडे जातात. कण मेंदूकडे गेला, तर लकवा.

लकव्याची गडचिरोली जिल्ह्याला आधीच ओळख आहे. 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात इथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. पहिला क्रमांक लकव्याचा होता, सातातला एक मृत्यू.

नळी जांघेतून घातली, तर तिथला रक्तस्रावही फसवा. रक्त पोटामागच्या पोकळीत साचतं, बाहेर डागही दिसत नाही. फक्त कंबर दुखते, चक्कर येते. मनगटाला मागून हाडाचा आधार असतो, शिवाय तळहाताला रक्त देणारी दुसरी धमनी असते. म्हणून हल्ली डॉक्टर शक्यतो मनगट निवडतात, आणि मला ती निवड फार शहाणी वाटते.

खरी पंचाईत अंतराची. नळीचं काम नागपुरात होतं, उशिरा येणारी लक्षणं मात्र गडचिरोलीतल्या भामरागडला घरी पोचल्यावर दिसतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ताच बंद. तेव्हा रुग्णालयातून सुट्टी घेतानाच नळी कुठून घातली, एक्स-रेचं औषध किती वापरलं आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं, हे कागदावर लिहून घ्यावं. लघवी कमी झाली किंवा बोटं निळी पडली, तर तोच कागद घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावं.