एम.टेक. म्हणजे बी.टेक.ची उजळणी नव्हे

शिंदखेड्यात पोरगं बी.टेक. होऊन घरी आलं की आठवडाभरात विचारणा होते, "आते पुढे काय?" एम.टेक.चं नाव निघालं की सल्ले सुरू होतात. त्यातले बरेच ऐकीव असतात, आणि ऐकीव गोष्टींवर कुणाची दोन वर्षं पणाला लागलेली मला बघवत नाहीत.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की तेच विषय पुन्हा दोन वर्षं घोकायचे. एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, २०१८ चा नमुना अभ्यासक्रम उघडून पाहा. एकूण ६८ क्रेडिट. पहिल्या दोन सत्रांत १८-१८, पुढच्या दोन सत्रांत १६-१६. तिसऱ्या सत्रात वर्गात शिकायचे विषय दोनच उरतात. बाकी १० क्रेडिट प्रबंधाचे. चौथ्या सत्राचे सगळे १६ प्रबंधाचेच. म्हणजे ६८ पैकी २६ क्रेडिट एका प्रश्नाच्या मागे लागण्यासाठी आहेत, आणि तो प्रश्न विद्यार्थ्यालाच शोधावा लागतो. म्हणून पहिल्याच सत्रात संशोधनपद्धती आणि बौद्धिक संपदा हा विषय ठेवलाय. आपल्याकडे प्रश्नांची वाण नाही. तापीवरच्या सुलवाडे बॅरेजमधून पाणी उपसून जामफळ धरणात न्यायचं, तर पंपांना वीज किती लागेल, ती वाचवता कशी येईल? यात स्थापत्य, यंत्र आणि विद्युत अशा तिन्ही शाखांना काम आहे.

ऑडिट कोर्सला क्रेडिट नाहीत, मग ते सोडले तरी चालतात, असंही सांगितलं जातं. चालत नाही. गुण बेरजेत धरले जात नसले, तरी कोर्स पूर्ण करावा लागतो.

"गेट नाही, तर एम.टेक. नाही" हेही खरं नाही. आपल्या राज्यात गेटवाल्यांना आधी जागा मिळतात, उरलेल्या जागांवर इतरांनाही प्रवेश मिळतो. पदवीला किमान ५० टक्के हवेत. राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. फरक पडतो तो पैशांत. एआयसीटीईची महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती, जास्तीत जास्त २४ महिने, गेट पात्र असणाऱ्यांनाच मिळते. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे शेवटच्या वर्षातच परीक्षा देऊन ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन.

अमेरिकेत एम.एस. साधारण ३० क्रेडिटमध्ये होतं, म्हणून ते निम्मं सोपं, हा हिशेबही फसवा आहे. दोन्हीकडची क्रेडिटची मापं वेगळी. तिथं अनेक ठिकाणी प्रबंधाऐवजी जास्त विषय घेऊनही पदवी मिळते. इथल्या ६८ मध्ये प्रबंधाचाच मोठा वाटा आहे.

आणि एम.टेक. झालं म्हणजे प्राध्यापकी हातात, असंही नाही. अभियांत्रिकीत सहायक प्राध्यापक व्हायला बी.टेक. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकात तरी प्रथम श्रेणी लागते. बी.टेक.ला ती हुकली असेल, तर एम.टेक.चं पहिलं सत्र हलक्यात घेऊ नका.