परिचारिकेचें पाठांतर आणि विचार

मुळा-मुठेच्या कांठचें खराडी पूर्वीं नगर रस्त्यावरचें खेडें होतें. आज तें पुणें शहरांत मोडतें आणि तेथें कचेऱ्यांबरोबर मोठीं रुग्णालयेंही उभीं आहेत. रुग्णालय म्हटलें कीं परिचारिका आलीच. मात्र आपल्या घरची मुलगी ‘नर्सिंग’ला जावयाचें म्हणाली कीं अजूनही माजघरांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. वस्तुतः रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें आणि पुढें त्या संस्थेच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या, त्यास शतक लोटलें!

मुलगी गेलीच, तर वडील मंडळींचा पहिला प्रश्न असतो गुणांचा. पाठांतराची आपल्या घराण्यांत परंपराच आहे व तिची थोरवी आम्हांस मान्य आहे. औषधांचीं प्रमाणें मुखोद्गत नसतील तर रोग्याचे हालच! परंतु असें समजा कीं, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची नाडी ८४ वरून १०४ व पुढें ११८ वर गेली. रक्तदाब मात्र अजून पूर्ववत् आहे. एक विद्यार्थिनी तिन्ही आंकडे सुवाच्य अक्षरांत टिपून ठेवील. दुसरी विचारील, नाडी कां चढत आहे? आंत रक्तस्राव तर होत नसेल? अशा वेळीं रक्तदाब बहुधा मागाहून उतरतो, हें दोघींनींही वाचलेलें असतें. तथापि डॉक्टरांस वेळेवर बोलावणें जातें तें दुसरीकडूनच.

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन पंडितानें १९८४ सालीं शिकण्याचीं चार अंगें वर्णिलीं: अनुभव, निरीक्षणपूर्वक चिंतन, तत्त्वबोध आणि प्रयोग. कोणाचा ओढा एकाकडे, कोणाचा दुसऱ्याकडे. यावरून ‘आमची मुलगी पाहूनच शिकते, पुस्तक तिला मानवत नाहीं’ असें समर्थन कोणी करूं लागल्यास तें आम्हांस पसंत नाहीं. शिकवणी ज्याच्या त्याच्या तऱ्हेस जुळविल्यानें अधिक यश येतें, यास पुरेसा पुरावा नाहीं, असा निर्वाळा चार मानसशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दिला. आणि खुद्द कोल्ब यांच्या मतेंही शिक्षण पुरें होण्यास चारही अंगांतून फिरावें लागतें.

परिचर्येंत ध्येय ठरतें तेंही निराळेंच. ‘रोगी उद्यां सायंकाळपर्यंत आधारानें वऱ्हांड्याच्या टोंकापर्यंत चालेल’, असें विद्यार्थिनी लिहिते. सायंकाळ होते, रोगी उठतच नाहीं. वेदना अधिक आहेत, चक्कर येते, कीं नुसती भीति वाटते? तें शोधून तिला बेत पुन्हां आंखावा लागतो. घरीं परतलेल्या मुलीस रात्रीं जेवतांना गुणांऐवजीं त्या रोग्याची हकीकत विचारावी. आजीबाईही कान देऊन ऐकतील.