गोठलेले इंजिन आणि बिडाची शिवण

पाणी गोठले की प्रसरण पावते, हे माध्यमिक शाळेतल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. ‘म्हणून थंड प्रदेशात पाण्याचे नळ फुटतात’ हे वाक्यही त्यापाठोपाठ येते. परंतु या दोन वाक्यांमधली एक पायरी आपण बहुधा गाळतो. पाण्याचे आकारमान ९ टक्क्यांनी वाढते, हे खरे. मोठ्या बुलडोझरच्या इंजिनात ८० लिटर पाणी असेल, तर त्याचा सुमारे ८७ लिटर बर्फ होईल. पण रेडिएटरला वर तोंड असते, त्यावरचे झाकण थोड्याशा दाबाने उघडते, शिवाय आत रबराच्या नळ्या असतात. मग जादा ७ लिटर वर का सरकत नाहीत? बोटभर जाडीच्या भिंती असलेले बिडाचे इंजिन का तडकते?

उत्तर घरच्या फ्रीजमध्ये मिळते. बर्फाच्या ट्रेमधले खडे नीट पाहा. पुष्कळदा मधोमध उंचवटा असतो, क्वचित एखादे टोकही वर आलेले दिसते. पाणी कडेने आणि वरून आधी गोठते, मधले पाणी शेवटी. चहूबाजूंनी बर्फाने वेढलेल्या या पाण्याचा काही भाग गोठू लागला, की उरलेले पाणी मिळेल त्या फटीतून वर ढकलले जाते. फट नसेल तर? तर दाब वाढत जातो. म्हणजे इंजिन फोडतो तो बर्फापेक्षा बर्फाने कोंडलेल्या पाण्याचा दाब.

हा दाब किती असावा? दाब वाढवला की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, सुमारे १३० वातावरण दाबाला १° से. एवढा. याचाच उलट अर्थ असा की कोंडलेले पाणी उणे १° से.पर्यंत थंड झाले, तर ते सुमारे १३० वातावरणांपर्यंत दाब देऊ शकते. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३० किलोग्रॅम! दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर हा भार १३ टन होतो. उणे २२° से.ला ही मर्यादा २,००० वातावरणांच्या पुढे जाते. अर्थात, इतका दाब निर्माण होण्याच्या फार आधीच भिंत तडकते.

क्वेबेकच्या कडाक्याच्या थंडीत १७८४-८५ साली मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी तोफेच्या पोकळ लोखंडी गोळ्यांत पाणी भरून, तोंडाला बूच ठोकून ते उघड्यावर ठेवले होते. काही गोळ्यांची बुचे उडून चारशे फुटांपलीकडे पडली. जिथे बूच पक्के बसले होते, तिथे गोळाच फुटला आणि भेगेतून बर्फाचा पातळ पापुद्रा बाहेर आला.

आता इंजिनाकडे येऊ. लडाखमध्ये, झोजिलासारख्या ३,५०० मीटर उंचीच्या खिंडींत, रस्त्यावरचे बर्फ हटवायला बुलडोझर लागतात. रात्री तापमान उणे २०° से.च्याही खाली जाऊ शकते. मैदानी प्रदेशातून नुसते पाणी भरून नेलेले यंत्र तिथे बंद करून ठेवले, तर प्रथम गोठते ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतले पाणी, कारण त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि धातू पातळ. इंजिनाचा जडशीळ ठोकळा उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. परिणाम असा की बाहेर जायच्या वाटा आधी बंद होतात आणि ठोकळ्यातले पाणी मागाहून कोंडले जाते. म्हणून ठोकळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, लांबीच्या दिशेने जाणारी भेग सर्वप्रथम शोधावी.

या भिंतीवर पत्र्याची वाटीसारखी गोल झाकणे दिसतात. ती गोठण्यापासून इंजिन वाचवण्यासाठी बसवलेली असतात, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. बिडाचा ठोकळा ओतताना आतली पोकळी राखण्यासाठी वाळूचा गाभा ठेवतात. नंतर ती वाळू ज्या भोकांतून काढतात, त्यांवरची ही झाकणे. (कोल्हापूरच्या आसपासच्या शिक्षकांनी मुलांना एखाद्या फाउंड्रीत नेऊन हे गाभे जरूर दाखवावेत.) एखादे झाकण कधी निसटते आणि इंजिन वाचते, पण तो योगायोग. विल्यम्सच्या बुचासारखेच.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे काही न करणे. गोठलेले इंजिन चालू करू नये, कारण पाण्याच्या पंपाचे पाते बर्फात रुतलेले असते. खाली जाळ करू नये. बीड ठिसूळ असते, एकाच जागी तापले तर नवे तडे जातात. सावकाश वितळू द्यावे. बर्फ असेतो भेग बर्फानेच बुजलेली असते, गळती दिसते ती वितळल्यावर. मग तेलाच्या टाकीचा खालचा बोल्ट सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत शिरले असेल तर आधी तेच बाहेर येते. तेल दुधाळ झालेले असेल तर ऑइल कूलर किंवा आतली भिंत फुटली असण्याची शक्यता मोठी. असे तेल बेअरिंगचा नाश करते.

भेग दुरुस्त करण्याजोगी आहे का, हा खरा निर्णय. बाहेरच्या भिंतीला चालू इंजिनात जेमतेम एका वातावरणाचा जादा दाब सोसावा लागतो. तिथली भेग बुजवणे शहाणपणाचे आहे. ज्वलनाचा दाब मात्र शंभर वातावरणांच्या घरात जातो. तिथवर पोहोचलेली भेग असेल तर तो भाग बदलणेच बरे, असे आमचे मत आहे.

वेल्डिंग का करत नाहीत? करतात, पण बिडात ३ ते ४ टक्के कार्बन असतो. वितळलेल्या जागेलगतचा भाग झपाट्याने थंड झाला की काचेसारखा कठीण व ठिसूळ बनतो आणि शेजारीच नवी भेग पडते. ते टाळायला सगळा ठोकळा तापवून हळूहळू थंड करावा लागतो. उघड्या डोंगरावर हे कसे जमावे?

म्हणून उष्णता न वापरता धातू ‘शिवण्याची’ पद्धत आली. आधी लाल रंगद्रव भेगेवर लावतात, पुसतात आणि पांढरी भुकटी फवारतात. भेगेत मुरलेला रंग वर येतो आणि तिची खरी टोके दिसतात. टोकाशी ताण एकवटलेला असतो, म्हणून तिथे भोक पाडतात. टोक गोल झाले की ताण विखुरतो. मग भेगेवर भोक पाडून, आटे पाडून, त्यात खिळा पिळून बसवतात व डोके कापतात. पुढचे भोक आधीच्या खिळ्याचा थोडा भाग खाईल असे पाडतात. अशी एकमेकांत गुंतलेल्या खिळ्यांची साखळी भेग बुजवते, तर आडव्या बसवलेल्या पट्ट्या तिच्या दोन्ही कडा जवळ धरून ठेवतात. शेवटी गरम पाणी व हवेचा दाब देऊन तपासणी करायची. बाजारातली गळती थांबवणारी भुकटी तात्पुरती असते, आणि तिने रेडिएटरच्या नळ्याही तुंबतात.

पुढच्या थंडीसाठी पाण्यात इथिलिन ग्लायकॉल मिसळतात. निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७° से.पर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३° से.लाच गोठते! जास्त घातले की जास्त चांगले, हा हिशेब इथे चालत नाही. विद्यार्थ्यांना याचे कारण शोधायला सांगावे. हा द्रव चवीला गोड, पण विषारी असतो. तो मुलांच्या व जनावरांच्या आवाक्यात ठेवू नये. आणि ग्लायकॉल नसेल, रोज संध्याकाळी पाणीच सोडायचे असेल, तर धार थांबली म्हणजे इंजिन रिकामे झाले असे धरू नये. तोटी गाळाने बुजलेली असू शकते. तारेने टोचून पाहावे आणि पंपातले व ऑइल कूलरमधले पाणी वेगळे सोडावे.