वेतनमर्यादा आणि संघनिवड : अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या संदर्भात

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. प्रारंभी ती ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५ साली ती २७.९२ कोटींवर पोहोचली. ती ओलांडण्याची मुभा धनाढ्य संघासही नाही. त्यामुळे ५३ खेळाडूंचा संघ निवडताना गुणवत्तेइतकाच हिशेबही निर्णायक ठरतो.

करारावर स्वाक्षरी करताना ठरलेला बोनस खेळाडूस अल्पावधीतच मिळतो. मर्यादेच्या हिशेबात मात्र तो कमाल पाच वर्षांत समान विभागला जातो. उदाहरणार्थ, पाच वर्षांच्या करारातील ५ कोटींचा बोनस दरवर्षी १ कोटी मोजला जातो. दोन वर्षांनी खेळाडूस मुक्त केल्यास उर्वरित ३ कोटींचा भार संघाच्या खाती राहतो. २०२४ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसने रसेल विल्सन यास मुक्त केले, तेव्हा हमी रकमेसह असा सुमारे ८.५ कोटींचा भार दोन वर्षांत विभागून सोसावा लागला.

परिणामी मोजक्या महागड्या खेळाडूंभोवती अल्पवेतनी नवोदितांची फळी उभारली जाते. २०११ च्या सामूहिक करारान्वये नवोदितांचे वेतन मर्यादित झाल्याने हे अधिक सुकर झाले. मध्यम वेतनाच्या अनुभवी खेळाडूची जागा मात्र अनेकदा त्याचा खेळ उतरण्यापूर्वीच जाते. सारांश, संघासंघांतील समतोलासाठी आखलेल्या नियमाची किंमत त्यालाच मोजावी लागते.